वहाण आणि अनवाणी पाय

महाभारताच्या अनुशासनपर्वात छत्री आणि वहाण यांच्या उत्पत्तीची एक कथा आली आहे. जमदग्नी ऋषी धनुष्याने बाण सोडीत आणि त्यांची पत्नी रेणुका ते वेचून परत आणून देई. ज्येष्ठातील एका भर दुपारी बाण आणावयास गेलेल्या रेणुकेचे मस्तक आणि पाय उन्हाने पोळले. ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबली आणि त्यामुळे तिला परतण्यास उशीर झाला. उशिराचे कारण कळताच जमदग्नींनी प्रत्यक्ष सूर्यावर बाण रोखला. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या रूपाने पुढे आला, शरण गेला, आणि उन्हापासून मस्तकाचे रक्षण व्हावे म्हणून छत्री व पायांचे रक्षण व्हावे म्हणून चामड्याच्या वहाणा त्याने ऋषींना दिल्या.

या कथेतील एक तपशील विचार करण्याजोगा आहे. पाय भाजले ते रेणुकेचे, परंतु वहाणा आल्या त्या जमदग्नींच्या हाती. ग्रामीण भारतात पुढे जे घडत आले त्याचे जणू सारच या कथेत सापडते. ज्याचे पाय सर्वाधिक पोळत त्याच्या वाट्याला वहाण सर्वात शेवटी आली. जबलपूरच्या परिसरातील नर्मदाखोऱ्याकडे आणि महाराष्ट्राच्या खेड्यांकडे पाहिले असता, फार जुन्या नव्हे, अगदी शंभर वर्षांपूर्वीच्या काळातही बहुसंख्य लोक वर्षातील बहुतेक दिवस अनवाणीच वावरत होते असे दिसते. हे अनवाणीपण एकाच कारणाने आलेले नव्हते. त्यात जमिनीचा भाग होता, गरिबीचा होता, श्रद्धेचा होता आणि सक्तीचाही होता. ही कारणे एकमेकांत इतकी मिसळलेली असत की, वाटेने अनवाणी जाणाऱ्या माणसाकडे नुसते पाहून त्यांतले कोणते खरे, हे सांगता येत नसे.

एका शब्दाची दोन रूपे

पादत्राणाला संस्कृतात ‘उपानह्’ असा शब्द आहे. प्राकृतातून उतरत येताना त्याला मराठीत ‘वहाण’ असे रूप मिळाले. उत्तरेच्या बोलींत त्याच शब्दाची ‘पनही’ झाली. जबलपूरच्या आसपासच्या खेड्यांतून बुंदेली बोलणारा शेतकरी पायातल्या चामड्याच्या जोड्याला ‘पनही’ म्हणत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश मराठ्यांच्या ताब्यात आला. प्रथम सागरच्या मराठी अधिकाऱ्यांचा आणि नंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे होता. इ. स. १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. त्या काळापासून येथे वसलेल्या मराठी कुटुंबांच्या कानावर वहाण आणि पनही हे दोन्ही शब्द पडत आले आहेत. ती दोन्ही एकाच घरची भावंडे आहेत हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

मराठीत याखेरीज ‘पायताण’, ‘जोडा’, ‘चढाव’, ‘चप्पल’ असे अनेक शब्द आहेत. ‘पायताण’ हे ‘पादत्राण’ या शब्दाचेच झिजलेले रूप होय. लाकडी खुंटीच्या खडावा साधुसंन्याशांच्या व पूजापाठ करणाऱ्यांच्या पायांत असत, कारण लाकडाला चामड्याप्रमाणे विटाळ मानला जात नसे. भारताच्या थंड भागांत तर चामड्याला अगदी वेगळे पर्याय शोधलेले आढळतात. काश्मिरात भाताच्या पेंढ्याची ‘पुलहोर’ आणि कुलूच्या बाजूस भांगेच्या तंतूंची ‘पुला’ वापरीत असत. मध्य भारतात आणि दख्खनमध्ये मात्र वहाण म्हटली की ती चामड्याचीच, आणि या एका गोष्टीचे सामाजिक परिणाम फार दूरवर पोहोचले.

भूमीचा कौल

पायात काही घालावे की न घालावे, हे प्रथम पायाखालच्या जमिनीवर अवलंबून असते. याविषयीचा एक अतिशय जुना आणि नेमका पुरावा बौद्ध वाङ्मयात सापडतो. विनयपिटकातील महावग्गाचा पाचवा भाग चामड्याच्या वस्तूंविषयी आहे. भिक्षूंना एकेरी तळाच्या साध्या वहाणा घालण्याची मुभा बुद्धांनी का दिली, याची कथा तेथे आहे. सोण नावाचा एक श्रीमंत घरचा तरुण भिक्षू झाला. त्याचे तळवे फार कोमल होते. ध्यानासाठी येरझारा घालता घालता त्याच्या पायांतून रक्त आले आणि वाट रक्ताने माखली. तेव्हा त्याला वहाण घालण्याची अनुज्ञा मिळाली. मला एकट्याला ही सवलत नको, सर्व संघाला मिळणार असेल तरच मी ती घेईन, असे त्याने म्हटल्यामुळे ती सर्वांना लागू झाली.

याच भागात पुढे अवंतीचा, म्हणजे आजच्या माळव्याच्या बाजूचा, उल्लेख येतो. तेथील भिक्षूंनी कळविले की, आमच्याकडील भूमी वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे. हे ऐकून त्या भागासाठी अनेक पदरी तळाच्या वहाणा चालतील असा निर्णय झाला. काळ्या जमिनीतून उन्हाळ्यात कधी चाललेल्या माणसाला या वर्णनाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात गुरांचे खूर चिखलात रुततात, पुढे तो चिखल सुकतो आणि खुरांच्या त्या खाचांच्या कडा विटेसारख्या टणक होतात.

जबलपूरच्या पश्चिमेकडील सखल प्रदेशाला ‘हवेली’ म्हणतात. तेथील शेतीची एक जुनी पद्धत आहे. शेताभोवती उंच बांध घालून पावसाळाभर पाणी शेतातच साठवायचे, पाऊस सरल्यावर ते सोडून द्यायचे आणि ओल असलेल्या काळ्या मातीत गहू पेरायचा. अशा शेतात आषाढापासून आश्विनापर्यंत वहाणेचा काहीच उपयोग नसे. चिकट काळी माती तळाला धरून बसे, दर पावलाला वहाण जड होत जाई आणि दहा पावलांत ती पायातून निघून चिखलात राही. शिवाय गावठी कमावलेले चामडे भिजले की ताणते आणि पुन्हा पुन्हा भिजले की कुजते. म्हणून ज्याच्या घरी वहाणा असत तोही पावसाळा लागताच त्या तेल लावून आढ्याला टांगून ठेवी. भातखाचरात, चिखलात आणि बांधावर अनवाणी पायच अधिक भरवशाचा, कारण बोटे मातीत रोवता येतात आणि घसरण्याचा धोका कमी होतो.

कार्तिकानंतर चित्र पालटे. बाभळीचे व बोरीचे काटे, वाटेवरचे सराटे, कापणीनंतर शेतात राहिलेले तुरीचे टोकदार खुंट आणि डोंगरपायथ्याची खडी यांनी पाय सोलून निघत. चैत्र-वैशाखात तर धुळीची वाट तव्यासारखी तापे. वहाणेची खरी गरज असे ती याच दिवसांत. ज्यांच्यापाशी ती नसे ते पळसाची पाने सुतळीने पायाला बांधीत किंवा झाडाच्या सावलीतून सावलीत धावत वाट कापीत.

अशा जीवनाने पाय घडत असे. सतत अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याची कातडी जाड व घट्ट होते. ही जाड कातडी संवेदना बोथट करीत असेल असा पूर्वी समज होता. इ. स. २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो चुकीचा ठरविला. घट्टे पडलेला तळवा संरक्षण देतो, पण जमिनीची जाणीव कमी करीत नाही, असे त्यात आढळले. कर्नाटकातील डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून इ. स. १९९२ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत बूट-चपला वापरणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले, तर न वापरणाऱ्यांपैकी फक्त २.८ टक्के मुलांचे. लहानपणी अनवाणी वावरल्याने पायाची कमान बळकट होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अनवाणी पाय म्हणजे दुबळा पाय नव्हे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. पण बळकट पाय आणि सुरक्षित पाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याविषयी पुढे येईलच.

चामडे प्रथम मोटेला

खेड्यात गुरे पुष्कळ असत, मग चामडे दुर्मिळ का असावे, असा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर शेतीत आहे. तेल-इंजिने व विजेचे पंप येण्यापूर्वी महाराष्ट्रातील विहिरींचे पाणी चामड्याच्या मोटेने उपसले जाई. मोट, तिची सोंड, नाडा, जुपण्या, आसूड, बैलांच्या गळ्यातील पट्टे या सर्वांना चामडे लागे. मोट फाटली तर पीक वाळे आणि वहाण तुटली तर केवळ पाय पोळे. त्यामुळे मेलेल्या गुराच्या कातड्यावर पहिला हक्क मोटेचा आणि राहिलेल्या तुकड्यांवर पायांचा, असा क्रम आपोआपच ठरलेला होता. घरात एखादाच जोड केला जाई आणि तो कर्त्या पुरुषाच्या पायात जाई.

चांभार हा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याच्या वहाणा, मोट आणि चामडी साहित्य करून देणे व दुरुस्त करणे हे त्याचे काम, आणि सुगीत खळ्यावर मिळणारे धान्य हा त्याचा मोबदला. महाराष्ट्रात कातडे कमावणारे ढोर आणि त्याच्या वस्तू करणारे चांभार अशी विभागणी बहुतेक ठिकाणी होती. जबलपूरच्या बाजूस ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच समाजाकडे असत. मेलेले जनावर ओढून नेणे, कातडे सोलणे आणि त्या बदल्यात मालकाला वहाणा व वाद्या पुरविणे अशी तेथील रीत होती.

कातडे कमावण्याची गावठी पद्धत कष्टाची आणि वेळखाऊ आहे. कातडे प्रथम चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजत घालतात. त्यामुळे केस सुटतात. मग ते खरवडून, धुऊन चुना काढून टाकतात. यानंतर कातडे शिवून त्याची पिशवी करतात, तीत बाभळीची साल व हिरडा यांचा काढा भरतात आणि पिशवी तिकाटण्याला किंवा झाडाला टांगतात. काढा कातड्यातून हळूहळू झिरपत राहतो. खाली पडलेला काढा पुन्हा आत ओततात आणि काही दिवसांनी पिशवी उलटी करून तेच पुन्हा करतात. सालीतील व हिरड्यातील तुरट द्रव्य कातड्यातील प्रथिनांच्या तंतूंशी बांधले जाते आणि त्यामुळे कातडे कुजत नाही. कच्चे कातडे आणि चामडे यांतील फरक तो हाच.

येथे जबलपूरचे नाव जगाच्या बाजाराशी जोडले जाते. मध्य भारतातील जंगलांत हिरड्याची झाडे विपुल आहेत. इ. स. १८७० मध्ये मुंबई आणि अलाहाबाद यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूर येथे पूर्ण झाला आणि या जंगलांतील माल बंदरापर्यंत जाऊ लागला. युरोपातील चामड्याच्या कारखान्यांना भारतीय हिरड्याची मोठी गरज असे. व्यापारात त्याच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जात. वेंगुर्ल्याच्या आणि भीमलीच्या हिरड्याप्रमाणेच ‘जबलपूर’ ही एक नामांकित प्रत होती, आणि ‘जे-१’, ‘जे-२’ अशी तिची खूण असे. डोंगरातल्या ज्या गोंड बायका हा हिरडा वेचीत, त्यांच्या स्वतःच्या पायांत वहाण नसे. परदेशातील बुटांचे चामडे मात्र त्या हिरड्याने टिकाऊ होत असे.

महाराष्ट्रातील कोल्हापुरी वहाण ही याच गावठी कारागिरीची सर्वांत विकसित शाखा होय. तिच्यात खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. अंगठा, पट्टा, कान आणि वेणी हे तिचे भाग. त्यांपैकी वेणी व बारीक नक्षी यांचे काम पुष्कळदा स्त्रिया करीत आल्या आहेत. इ. स. २०१९ मध्ये या वहाणेला भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. ही नोंदणी महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे.

हातातील वहाण

ज्याच्यापाशी वहाण होती तोही ती सदैव पायात घालीत नसे. बाजाराला, लग्नाला किंवा कचेरीला निघालेला शेतकरी वहाणा काठीला अडकवून खांद्यावर टाकी आणि अनवाणी चालू लागे. गाव जवळ आले की ओढ्यावर पाय धुवून त्या घाली. वाटेत काटेरी रान किंवा तापलेली वाळू लागली तरच त्या मध्ये पायात येत. शहरातील लोक याची थट्टा करीत, पण हिशेब साधा होता. पायाची कातडी झिजली तर ती पुन्हा येते, वहाणेची येत नाही.

हा हिशेब केवळ आपल्याकडचाच नव्हे. आयर्लंडच्या ग्रामीण भागात विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मुले आणि पुष्कळ स्त्रिया उन्हाळाभर अनवाणी असत. रविवारी चर्चला जाताना बायका बूट हातात धरून मैलोगणती चालत आणि चर्चजवळ आल्यावर ते घालीत. त्या देशाच्या पश्चिमेस अरन नावाची खडकाळ बेटे आहेत. तेथील लोक न कमावलेल्या कातड्याची, केस बाहेर ठेवलेली ‘पॅम्पूटी’ नावाची वहाण वापरीत. ती वाळली की लाकडासारखी ताठ होई, म्हणून रात्री पाण्यात भिजवून ठेवावी लागे. इ. स. १८९८ मध्ये तेथे प्रथम गेलेला नाटककार सिंज याने आपले बूट खडकांवर फाटल्यावर हीच वहाण वापरली आणि तिच्यामुळे चालण्याची रीतच कशी बदलते हे लिहून ठेवले. आपल्याकडे भिजल्याने वहाण बिघडे आणि तेथे वाळल्याने बिघडे. हवा वेगळी, कमावण्याची रीत वेगळी, पण हातात वहाण घेऊन चालणारा गरीब माणूस दोन्हीकडे तोच.

उंबरठ्याच्या बाहेर

अनवाणीपणाचे दुसरे मूळ श्रद्धेत आहे. वहाण बाहेरची धूळ घेऊन येते आणि ती मेलेल्या जनावराच्या कातड्याची असते. या दोन कारणांनी ती देवळात, माजघरात आणि स्वयंपाकघरात वर्ज्य ठरली. शेतकऱ्याच्या दृष्टीने खळेही तितकेच पवित्र. धान्याची रास असलेल्या खळ्यात वहाणा घालून कोणी जात नसे. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण वहाणेचे उंबरठ्याबाहेरचे स्थान पक्के करते, आणि माणसांनाही त्याच मापाने मोजते.

परंतु वहाणेचा मान करणारी परंपराही आहे. वनवासी रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून भरताने राज्य केले, ही कथा प्रसिद्धच आहे. वारीत आजही संतांच्या पादुकाच पालखीतून पंढरपूरला जातात, आणि कितीतरी वारकरी त्या पादुकांमागून अनवाणी चालतात. बाराव्या शतकातील हरळय्या या चर्मकार शरणाने स्वतःच्या व पत्नीच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवेश्वरांना अर्पण केल्या, अशी कथा वीरशैव परंपरेत सांगतात.

जबलपूरला नर्मदा परिक्रमेचे यात्रेकरू नित्य दिसतात. नदी उजव्या हाताला ठेवून उगमापासून सागरापर्यंत आणि दुसऱ्या तीराने परत, अशी ही प्रदक्षिणा. परंपरेने तिचा काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस मानला जातो आणि ती अनवाणी करावी असा दंडक आहे. हल्ली बहुतेक परिक्रमावासी कापडी बूट किंवा चप्पल वापरतात, तरी अनवाणी चालणारे आजही ग्वारीघाटावर भेटतात. त्यांच्या भेगाळलेल्या टाचांना घाटावरच्या बायका नमस्कार करतात. त्याच बायकांपैकी कित्येकींच्या आज्यांच्या टाचा तशाच भेगाळलेल्या होत्या, पण त्यांना कोणी नमस्कार केला नव्हता.

स्वेच्छेने अनवाणी राहण्याचे एक अलीकडील उदाहरण येथे द्यावेसे वाटते. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरात जन्मलेले हिंदीचे थोर कवी. त्यांचे काही काळ जबलपूरलाही वास्तव्य होते. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेत आपण पायातील जोडे काढले आणि तेव्हापासून अनवाणी राहिलो, असे पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन सांगत असत. जोडे विकत घेण्याची ऐपत असलेल्या माणसाने ते सोडणे आणि ज्याला ते घालूच दिले जात नाहीत त्याने अनवाणी चालणे, यांत महदंतर आहे.

सक्तीचे अनवाणीपण

ज्या हातांनी गावाच्या वहाणा केल्या त्यांच्या पायांना गावातून वहाण घालून चालण्यास बंदी होती. हे या विषयातील सर्वांत कटू सत्य आहे. मध्य भारतात आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या माणसाने सवर्णांच्या आळीत शिरताना वहाणा काढून हातात घ्याव्यात, पाटलाच्या किंवा मालगुजाराच्या वाड्यासमोरून अनवाणी जावे, अशी रीत होती. रीत मोडल्यास मार आणि बहिष्कार ठरलेला. वहाण करणे हा हलका धंदा मानला गेला आणि तिच्यापासून मिळणारी सोय वरच्यांनी घेतली.

स्त्रियांच्या बाबतीत सक्तीचे रूप निराळे होते. बुंदेलखंडात आणि त्याला लागून असलेल्या गावांत सासरच्या वडीलधाऱ्यांसमोरून किंवा चावडीवरून जाताना बाईने चप्पल काढून हातात धरावी, हा शिष्टाचार समजला जाई. काही गावांत तो अगदी अलीकडेपर्यंत पाळला गेला आहे. दलित स्त्रीवर जातीचा आणि स्त्रीपणाचा असे दोन्ही निर्बंध एकाच वेळी पडत.

वहाणेतून सत्ता दाखविण्याची रीत राज्यकर्त्यांनीही उचलली. आपल्या समोर येणाऱ्या एतद्देशीयांनी जोडे बाहेर काढावेत असा इंग्रज अधिकाऱ्यांचा आग्रह असे. इ. स. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या मंडळाने ठराव केला की, सरकारी समारंभांत युरोपीय धर्तीचे बूट व मोजे घालणाऱ्यांनी ते काढण्याची आवश्यकता नाही. देशी जोडा घालणाऱ्यास मात्र जुनाच नियम लागू राहिला. ज्या भद्र पुरुषांना हा अपमान बोचला त्यांपैकी कितीजणांच्या गावी स्वतःच्या वाड्यापुढे तोच नियम चालू होता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

विरोध झाला तो प्रथम याच समाजांतून. छत्तीसगडमध्ये गुरू घासीदासांच्या सतनामी अनुयायांनी चामड्याचे काम सोडले. इ. स. १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून देण्याचे आवाहन केले. दुसरीकडे गांधीजींनी या कामाला प्रतिष्ठा देण्याचा मार्ग धरला. दक्षिण आफ्रिकेत ते स्वतः वहाणा करण्यास शिकले होते. तेथे त्यांनी केलेला एक जोड इ. स. १९१४ मध्ये जनरल स्मट्स यांना भेट दिला होता आणि स्मट्स यांनी तो १९३९ साली आदरपूर्वक परत पाठविला. वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. आंबेडकरांचा मार्ग काम नाकारण्याचा होता आणि गांधीजींचा कामाला मान देण्याचा. ज्यांना ते काम पिढ्यान्पिढ्या सक्तीने करावे लागले होते, त्यांना नकाराचा मार्ग अधिक जवळचा वाटला यात नवल नाही.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अधिनियमाने तिचे पालन दंडनीय ठरविले. तरीही इ. स. २०१५ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करताना संसदेला एक गोष्ट शब्दशः लिहावी लागली. अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्तीस सार्वजनिक जागी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, सायकल चालविण्यास अथवा लग्नाची वरात काढण्यास अडथळा करणे हा अपराध आहे. २६ जानेवारी १९१६ नव्हे, २६ जानेवारी २०१६ पासून ही दुरुस्ती अमलात आली. पायात वहाण घालण्याच्या हक्काला एकविसाव्या शतकात कायद्याचे संरक्षण द्यावे लागते, यावरून हा प्रश्न किती खोल गेलेला आहे हे कळते.

अदृश्य काटे

अनवाणी पायाला दिसणाऱ्या काट्यांपेक्षा न दिसणारे काटे अधिक घातक असतात. अंकुशकृमी हा त्यांतला प्रमुख. या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून ओलसर मातीत पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या काही दिवसांत तयार होतात आणि अनवाणी तळव्याच्या कातडीतून, विशेषतः बोटांच्या बेचक्यांतून, शरीरात शिरतात. तेथून रक्तावाटे फुप्फुसांत, मग घशात आणि शेवटी आतड्यात जाऊन तेथे त्या चिकटतात व रक्त पितात. हा मार्ग इ. स. १८९८ च्या सुमारास कैरो येथे आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आला. अळ्यांचे पाणी त्याच्या हातावर सांडले, तेथे खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्या विष्ठेत अंडी सापडली.

पहाटे शेताकडे अनवाणी जाणारी, आधीच अपुरे अन्न खाणारी आणि बाळंतपणांनी थकलेली स्त्री या कृमीला सहज बळी पडे. तिचा फिकटपणा व धाप यांना लोक अशक्तपणा म्हणत किंवा नशीब म्हणत. केवळ वहाणेने हा रोग हटत नाही, त्यासाठी शौचालयही हवे. पण उघड्यावर शौचास जाण्याची रीत असेल तेथे वहाण हेच पहिले संरक्षण ठरते.

काट्याच्या जखमेतून शिरणारा दुसरा रोग म्हणजे ‘मदुरा पाद’. यात पाय सुजतो, त्याला अनेक तोंडे पडतात आणि त्यांतून बारीक कण बाहेर येतात. इ. स. १८४२ मध्ये मदुराई येथे त्याचे वर्णन झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी पुढे त्याचा कसून अभ्यास केला आणि तो बुरशीमुळे होतो असे दाखविले. धनुर्वात आणि सर्पदंश यांचीही भर येथे घातली पाहिजे. शेतात होणारे बहुतेक सर्पदंश पायालाच होतात. कुष्ठरोगाने तळव्याची संवेदना गेलेल्या माणसाला तर खडा रुतल्याचेही कळत नाही. त्याच्यासाठी मऊ रबराच्या तळाची चप्पल हे औषधाइतकेच आवश्यक साधन आहे.

बदल

विसाव्या शतकाच्या मध्यापासून खेड्यातील पायांचे चित्र पालटू लागले. कलकत्त्याजवळ बाटानगर येथे बुटांचा मोठा कारखाना उभा राहिला आणि कापडी व रबरी बूट बाजारात आले. पाठोपाठ जुन्या मोटार-टायरांच्या तळाच्या चपला निघाल्या. त्या जड असत, पण झिजत नसत. मग रबरी पट्ट्यांची हवाई चप्पल आली आणि नंतर प्लॅस्टिकचे बूट. त्या भिजत नाहीत, कुजत नाहीत, आणि जनावराच्या कातड्याच्या नसल्याने विटाळाचा प्रश्नही उरत नाही. पंप आल्याने मोट गेली, आणि मोट व गावठी वहाण ही दोन्ही कामे जाताच चांभाराचे बलुते संपले. ज्या स्वस्त चपलेने गरिबाचे पाय झाकले तिनेच गावच्या कारागिराचे काम काढून घेतले, ही गोष्ट विसरता येत नाही. कित्येक चर्मकार कुटुंबांची मुले शिकून दुसऱ्या व्यवसायांत गेली आणि त्यांना त्याचा खेद नाही.

अनवाणीपणाची गरज समजून घेऊन घडविलेल्या एका वस्तूचा उल्लेख करून हे प्रकरण संपवू. परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय बूट घालूनच वापरावे लागत. ते लावून उकिडवे किंवा मांडी घालून बसता येत नसे आणि चिखलातही चालता येत नसे. त्यामुळे आपल्याकडील अनेक अपंग ते घेऊन जात आणि घरी कोपऱ्यात ठेवून देत. इ. स. १९६८ मध्ये जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर व लाकूड यांचा असा पाय तयार केला की, जो बुटाशिवाय वापरता येतो, ओल्या शेतात चालतो, वाकतो आणि दिसण्यातही पायासारखाच असतो. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पायाची कल्पना ज्यांनी केली त्यांनी अनवाणी शेतकऱ्याला मागासलेला म्हणून बाजूस सारले नाही. तो कोठे चालतो, कसा बसतो, देवळाच्या पायरीवर काय करतो, हे त्यांनी प्रथम पाहिले.

आज जबलपूरच्या परिसरात सकाळी शाळेला निघालेल्या मुलींच्या पायांत चपला किंवा बूट असतात. घरी परतल्यावर त्या उंबरठ्यापाशी काढून ठेवतात आणि अंगणात अनवाणी खेळतात. पायात घालण्यास वहाण असावी, ती कोठेही घालून जाण्याची मुभा असावी, आणि ती केव्हा काढावी हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढ्या तीन गोष्टी साधण्यास आपल्या समाजाला फार काळ लागला. त्यांपैकी दुसरी सर्वत्र साधली आहे असे अद्याप म्हणता येत नाही.